‘सरसकट’ हा शब्द सोडू नका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही अकरा जण आहात, बहुतेकांची घरं यंत्रमागावर किंवा विड्यांवर चाललेली, आणि तुम्हाला सोलापुरातून एक छोटा पक्ष काढायचा आहे. मागणी एकच: प्रत्येक माणसाला दरमहा ठरावीक रक्कम सरकारनं थेट खात्यावर द्यावी, कसलीही अट न घालता. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. एकाच मागणीवर पक्ष चालतो का, लोकांना हे पटवायचं कसं, आणि आधी महापालिका लढवावी की थेट २०२९ ची विधानसभा. मी या शहरात अठ्ठावीस वर्षं छोट्या पक्षांची आणि कामगार संघटनांची कागदपत्रं सांभाळते आहे. उमेदवारी अर्ज, खर्चाच्या वह्या, बूथवरची माणसं, मतमोजणीचे प्रतिनिधी, हेच माझं काम. त्यातून जे दिसलं ते सांगते.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

तुमच्या मसुद्यात पहिलीच ओळ ‘दरमहा २००० रुपये’ अशी आहे. ती खाली न्या. रकमेच्या लिलावात छोटा पक्ष टिकत नाही. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १५०० सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या विधानसभेला एका बाजूनं २१०० सांगितले, दुसऱ्या बाजूनं ३०००. तुम्ही २००० म्हणालात तर बाई विचारणार, ‘ते तर जास्त देतायत, मग तुम्ही कशाला?’ आणि तिचं बरोबर असेल.

तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि त्याला मराठीत एक घट्ट शब्द आहे: सरसकट. हा शब्द आपल्या लोकांना शिकवावा लागत नाही. जून २०१७ च्या शेतकरी संपात गावागावांत तोच शब्द होता. मागणी सरसकट कर्जमाफीची होती. हाती आली ती दीड लाखाची मर्यादा, निकष आणि ऑनलाइन अर्ज. तेव्हापासून ‘सरसकट’ आणि ‘निकषांसह’ यांतला फरक मंगळवेढ्यातल्या शेतकऱ्यालाही कळतो आणि अशोक चौकातल्या माग कामगारालाही. लाडक्या बहिणीलाही वय २१ ते ६५, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात चारचाकी नको, अशा अटी होत्याच. पैसे सुरू झाल्यावर पडताळणी आली, मग ई-केवायसी आली. आमच्या भागात बायका एकमेकींना ‘किती आले?’ असं विचारत नाहीत. ‘तुझं नाव आहे ना अजून?’ असं विचारतात. तुमचा पक्ष या प्रश्नाचं उत्तर आहे, हे तुम्हाला स्वतःला आधी पटलं पाहिजे.

एक प्रसंग सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात एक विधवा बाई आहे, पासष्टीच्या पुढची. वयाच्या बाराव्या वर्षापासून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात भिजवलेला तेंदूपत्ता. कात्रीनं पान कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. अशा हजार झाल्या की हजाराची मजुरी, त्यातून छाट, म्हणजे नापास विड्या, काढली तर तेवढी कमी. तिची एक छोटी पेन्शन यायची. एका वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर बोट ठेवलं तर ठसा उमटेना. पन्नास वर्षं पान आणि दोरा घासून बोटांच्या रेघाच गेल्या होत्या. दहाही बोटं लावून झाली. पाणी लावून, पुसून, परत लावून झाली. पेन्शन पाच महिने थांबली. माझ्या ओसरीवर येऊन ती तळहात पुढे धरून म्हणाली, ‘अक्का, मी जिता हाय म्हणून आणि किती जागी दाखवायचं?’ काम सुटलं शेवटी, पण पाच महिने ती शेजारणीच्या उसनवारीवर जगली.

तुमची मागणी अशा माणसासाठी आहे. सरसकट म्हणजे सिद्ध करायला काही उरत नाही. गरीब आहे, विधवा आहे, एकटी आहे, घरात कमावता मुलगा नाही, यातलं काहीही कुणाला पटवून द्यायचं नाही. ओळख आणि हयात कधीतरी दाखवावी लागेलच, तो प्रश्न तुमच्या योजनेतही राहणार. म्हणून जाहीरनाम्यात एक ओळ आजच घाला: ठसा जुळला नाही म्हणून रक्कम थांबणार नाही, शंका असेल तर घरी येऊन खात्री करण्याची जबाबदारी सरकारची. विडी कामगारांच्या शहरातून निघालेल्या पक्षाला ही ओळ शोभेल.

मागवाल्यांच्या घरात मात्र वेगळं बोलावं लागेल. तिथं पेन्शनीपेक्षा उचलीचं दुखणं मोठं. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला मालकाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नाही. टॉवेलचा दर कमी मिळाला तरी बोलता येत नाही. महिन्याला घरातल्या चौघांचे मिळून चार हजार जरी खात्यावर आले, तरी माणूस ‘या दरात नाही विणत’ असं म्हणायला एक महिना थांबू शकतो. आमच्या कामगार चळवळीनं इतकी वर्षं जे मागितलं त्याला ही रक्कम पूरक आहे, पर्याय नाही, हे संघटनेच्या लोकांना मुद्दाम जाऊन सांगा. नाहीतर त्यांना वाटेल की किमान वेतनाच्या मागणीवर पाणी ओतायला तुम्ही आलात. कुंभारीला रे नगरमध्ये असंघटित कामगारांची तीस हजार घरांची वसाहत उभी राहिली, त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी आणि त्यांच्या लोकांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे आहेत. त्या वसाहतीत जाऊन एका पत्रकावर लोक आपल्याकडे येतील असं समजू नका. आधी ऐकायला जा.

‘लोक आळशी होतील’ हे तुम्हाला प्रत्येक चौकात ऐकायला मिळेल. त्याला तावातावानं उत्तर देऊ नका, मध्य प्रदेशचं सांगा. २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत सगळ्यांना, खरोखर सरसकट, दरमहा पैसे दिले. मोठ्या माणसाला आधी २०० आणि मग ३००, लहान मुलाला १०० आणि मग १५०. शेजारच्या तशाच गावांशी तुलना केली. काम कमी झालं नाही. मजुरीवर जाणारे काही जण स्वतःच्या रानात जास्त राबू लागले, शेळ्या-कोंबड्या वाढल्या, मुलांचं खाणं सुधारलं, दारूवरचा खर्च वाढल्याचं आढळलं नाही. फिनलंडनं २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं दोन हजार बेरोजगारांना महिना ५६० युरो दिले. तिथंही लोकांनी काम सोडलं नाही आणि त्यांची मनःस्थिती सुधारली. पण सोलापुरात मध्य प्रदेशचा दाखलाच चालेल. ती गावं आपल्या अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या गावांसारखी आहेत, माणसाला ती डोळ्यासमोर आणता येतात.

आता रेशन. इथं तुमचा मसुदा मला धोकादायक वाटला. ‘सर्व अनुदाने एकत्र करून’ असं तुम्ही लिहिलंय. ही कल्पना केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीतून आलेली दिसते. अरविंद सुब्रमणियन मुख्य आर्थिक सल्लागार असताना त्यांनी त्यात एक आख्खं प्रकरण या विषयाला दिलं होतं. माणशी वर्षाला ७६२० रुपये, तेही ७५ टक्के लोकांना, आणि खर्च देशाच्या उत्पन्नाच्या ४.९ टक्के, असा त्यांचा हिशेब होता. चालू योजनांमधली गळती बघता त्यांच्या जागी हे आणता येईल का, असा त्याचा रोख होता. दिल्लीत बसून हे ठीक दिसतं. कुचन नगरच्या रेशन दुकानासमोर उभं राहून ‘धान्याऐवजी पैसे’ म्हणालात तर तुमचा पक्ष त्याच दिवशी संपला. बायकांना ठाऊक आहे की ज्वारी-तांदळाचा भाव चढला की रक्कम तिथंच राहते, पण पाच किलो हे पाच किलोच असतात. मध्य प्रदेशातल्या त्या गावांतही पैसे वरून दिले होते, रेशन काढून नाही. तेव्हा पहिल्या पानावर ठळक लिहा: रेशन राहणार, शाळेतलं जेवण राहणार, सरकारी दवाखाना राहणार, रोजगार हमी राहणार. हे लिहायची तयारी नसेल तर मला पुढं काही सांगायचं नाही, इतकं हे महत्त्वाचं आहे.

मग पैसा कुठून, हा प्रश्न तुमच्यासाठी अवघड होतो, आणि तो व्हायलाच हवा. साधा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. माणशी महिना १००० धरले तर वर्षाला १ लाख ३५ हजार कोटींच्या आसपास जातात, आणि आजची लोकसंख्या त्याहून जास्त आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा साधारण ५ लाख ६१ हजार कोटी धरली होती. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. त्याच अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीसाठी ३६ हजार कोटी होते. राज्य सरकार शेतीबाहेरच्या उत्पन्नावर आयकर लावू शकत नाही, आणि व्यवसाय कराला राज्यघटनेनं वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे राज्यानं उद्यापासून सगळ्यांना २००० द्यावेत असं म्हणणारा माणूस एकतर आकडेमोड करत नाही किंवा लोकांना फसवतो आहे. तुम्ही या दोन्हींत बसत नाही, म्हणून स्पष्ट बोलते.

माझा सल्ला असा. पूर्ण मागणी केंद्राकडे ठेवा, आणि राज्याकडे पहिली पायरी मागा: साठ वर्षांवरच्या प्रत्येकाला, स्त्री असो पुरुष असो, उत्पन्न न विचारता, महिना १५००. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण दहा टक्के लोक साठीपुढचे होते, आज त्याहून जास्त आहेत. २०११ च्या आकड्यानं धरलं तरी वर्षाला वीस हजार कोटींच्या आसपास खर्च येईल. वय ही अट आहे खरी, पण प्रत्येकजण कधी ना कधी ती ओलांडतो, त्यामुळे सरसकटपणाला धक्का लागत नाही. शिवाय आज ज्या म्हाताऱ्यांना पासष्टी उलटली म्हणून एका योजनेतून बाहेर काढलं जातं आणि दुसरीत घेतलं जात नाही, ते सगळे यात येतात.

‘मालकालाही देणार?’ हे विचारणारच. माझ्या ओसरीवरच्या त्या बाईनं मला हेच विचारलं. हो म्हणा, न अडखळता. मालकाला वगळायचं तर उत्पन्नाचा दाखला आला, दाखला आला की रांग आली, एजंट आला, आणि त्या रांगेत मालक नाही, तीच उभी राहणार. मालकाकडून करातून परत घेता येतं. तिला हे एका मिनिटात पटलं. शिकलेल्यांना पटायला जास्त वेळ लागतो असा माझा अनुभव आहे.

एका मागणीवर पक्ष चालतो का? निवडून येण्याच्या अर्थानं अजून कुठं चाललेला नाही. जर्मनीत २०१६ मध्ये नेमकी हीच एक मागणी घेऊन एक पक्ष निघाला, २०१७ च्या राष्ट्रीय निवडणुकीत सगळ्या राज्यांत उतरला, आणि त्याला मतं पडली ०.२ टक्के. स्वित्झर्लंडमध्ये जून २०१६ ला थेट जनमत घेतलं, तिथं २३ टक्के लोक बाजूनं होते. सिक्कीममध्ये तर १९९४ पासून सत्तेत असलेल्या सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटनं २०१९ च्या निवडणुकीआधी मूलभूत उत्पन्नाचं वचन दिलं आणि ते हरले. स्विस आकड्याशेजारी जर्मन आकडा ठेवून बघा. मागणी पसंत असलेले लोक बरेच असतात, पण तेवढ्यासाठी मत ‘वाया’ घालवायला ते तयार नसतात.

पण आपल्याच राज्यात दुसरं उदाहरण आहे. रोजगार हमी ही वि. स. पागे यांची कल्पना. आधी तासगाव तालुक्यात छोटा प्रयोग, मग १९७२ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात निघतील. मागेल त्याला काम द्यायचं, तर पैसा लागतो, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशानं तसा कायदा केला. कल्पना तयार होती, हिशेब तयार होता, म्हणून वेळ आल्यावर ती उचलली गेली. तुमच्या पक्षाचं काम मला तसं दिसतं. मोठे पक्ष तुमची मागणी उचलतील तेव्हा त्यातला ‘सरसकट’ शब्द आधी गळेल. तो गळू नये म्हणून कुणीतरी मतपत्रिकेवर पाहिजे. एका मतदारसंघात तुमची चार हजार मतं असली तरी प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात मोठे उमेदवार तुमच्याशी बोलायला येतात, हे मी पाहिलंय.

म्हणून महापालिका नको. महापालिका ही रक्कम देऊच शकत नाही. शहराची २०११ ची लोकसंख्या साडेनऊ लाख. माणशी ५०० म्हटले तरी वर्षाला ५७० कोटी होतात, आणि ज्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं तिथं लोक नगरसेवकाकडून पाणीच मागणार, मागावंच. जे ज्या सभागृहाच्या हातात आहे ते तिथंच मागा. शिवाय त्या निवडणुकीला राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळी नोंदणी लागते. विधानसभेची तयारी करा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पक्ष स्थापन केल्यापासून तीस दिवसांत भारत निवडणूक आयोगाकडे अर्ज जायला हवा, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ खाली. दहा हजारांचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट), पक्षाची घटना, आणि किमान शंभर सदस्य, ते नोंदलेले मतदार आणि दुसऱ्या कोणत्याही पक्षात नसल्याच्या प्रतिज्ञापत्रांसह. तुम्ही अकरा आहात. उरलेले एकोणनव्वद गोळा करतानाच कळेल की मागणी किती रुजते. नोंदणी झाली म्हणून निवांत बसू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगानं ३३४ पक्षांची नावं यादीतून काढली. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले, दिलेल्या पत्त्यावर न सापडणारे. रोख देणगी एका माणसाकडून दोन हजारांपर्यंतच, त्यावर बँकेतून. वीस हजारांवरच्या देणग्यांची यादी दरवर्षी आयोगाला. सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह हवं असेल तर राज्यातल्या किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात, म्हणजे २८८ पैकी पंधरा. तुमची ती ताकद नसेल तर मिळेल ते चिन्ह घ्या, त्यावर शक्ती घालवू नका.

प्रचारातली एक चूक मात्र अजिबात करू नका. ‘नाव नोंदवा, आमचं सरकार आलं की रक्कम सुरू’ असे फॉर्म भरून घेण्याचा मोह होईल. २ मे २०२४ ला आयोगानं पक्षांना हे बंद करायला सांगितलं, ते लाच समजलं जाऊ शकतं. आणि तुमच्या बाबतीत तर ते मागणीच्या विरुद्ध आहे, कारण फॉर्म आला की यादी आली. पत्रक द्या, सभा घ्या, घरोघर बसा. पत्रक मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही काढा. पूर्व भागात ‘सरसकट’ऐवजी ‘अंदरिकी’ म्हणा, अक्कलकोटकडे ‘एल्लरिगू’. सकाळी जाऊ नका, तेव्हा बायका वळलेल्या विड्या द्यायला विडी कंपनीच्या ब्रँचला गेलेल्या असतात. दुपारी तीननंतर ओट्यावर सूप घेऊन बसलेल्या सापडतील. त्यांचे हात थांबवायला लावू नका, शेजारी बसून बोला.

शेवटची गोष्ट सूचकांची, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्यांची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तुम्हाला दहा लागतील, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरची पहिली विधानसभा होती, २००९ ची. शहर मध्य नवीन झालेलं. मी एका छोट्या पक्षाचा अर्ज भरला, दहावा सूचक रस्त्याच्या पलीकडचा निघाला, त्याचं नाव शेजारच्या मतदारसंघात. छाननीत अर्ज बाद. चूक माझी होती, यादी भाग पाहून नव्हे तर पत्ता पाहून मी सही घेतली होती. तेव्हापासून मी बारा-तेरा सूचक तयार ठेवते, प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः मतदारयादीत बघते. अंगठा लावणारा सूचक असेल तर तो अंगठा अधिकाऱ्यासमोर लावावा लागतो, त्याला सोबत न्यायची सोय आधी करा.

त्या विडीवाल्या बाईला मी तुमच्याबद्दल सांगितलं आहे. तुमचा उमेदवार शहर मध्यमधून असेल तर सूचकांत तिचं नाव पहिलं घाला. तिची नोंद मी कालच यादीत तपासली, नाव बरोबर आहे. अंगठ्याची गरज नाही, ती तेलुगूत सही करते.